दुसरं ‘गोटू’ कुणाचं?

सी भाषेतला हा तुकडा आधी बघा. नावं देवनागरीत उतरवली आहेत, कंसांतला मजकूर गाळलाय. बाकी रचना जशी होती तशीच.

इफ ((एरर = अपडेट(…)) != 0)
    गोटू फेल;
    गोटू फेल;
इफ ((एरर = फायनल(…)) != 0)
    गोटू फेल;
एरर = सही_तपासा(…);
…
फेल:
    …
    रिटर्न एरर;

तुमच्यापैकी जे कोड लिहून पोट भरतात त्यांनी ओळखलं असेल. हे ॲपलच्या आयफोन, आयपॅड आणि मॅकमधलं फंक्शन. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्व्हरने पाठवलेली सही खरी आहे का, हे पाहणं त्याचं काम. एक ओळ दोनदा पडली, आणि सही तपासणारी शेवटची ओळ कधी चाललीच नाही. ‘एरर’मध्ये आधीच्या यशस्वी पायरीचं शून्य तसंच राहिलं, आणि शून्य म्हणजे ‘सगळं ठीक’. म्हणजे कॉफी शॉपच्या वाय-फायवर तुमच्या शेजारी बसलेला माणूस मधे शिरून तुमची बँक असल्याचं सोंग घेऊ शकत होता. 21 फेब्रुवारी 2014 ला ॲपलने आयओएस 7.0.6 काढून हे भोक बुजवलं. मॅकवाल्यांना आणखी चार दिवस थांबावं लागलं.

यावर तेव्हा रग्गड लिहिलं गेलं. बहुतेकांचा सूर दोनपैकी एक होता: प्रोग्रामर निष्काळजी, किंवा महिरपी कंस घालायला हवे होते. दोन्ही मुद्दे पटतात, पण पुरत नाहीत. या गोष्टीत आणखी एक पात्र आहे, ज्याच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. ते म्हणजे कंपायलरचा फ्रंट एंड. त्याने हा कोड अक्षर न् अक्षर वाचला, त्याचं झाड बांधलं, दुसरं ‘गोटू’ नेमकं कुठे बसतं हे त्याला शंभर टक्के कळलं, आणि तो गप्प बसला. मला बोलायचंय ते त्या गप्प बसण्याबद्दल. त्यासाठी आधी ते झाड कसं उभं राहतं ते बघावं लागेल, कारण दोष बांधकामात नाहीच. बांधकाम चोख आहे.

ॲपलचा मुख्य कंपायलर तेव्हा क्लँग होता, आजही आहे. म्हणून क्लँगचंच उदाहरण घेऊ.

सुरुवातीला लेक्सर अक्षरांचे तुकडे पाडतो. ‘इफ’ हा एक तुकडा, उघडता कंस दुसरा, ‘गोटू’ तिसरा. या तुकड्यांना टोकन म्हणतात. मधली रिकामी जागा इथेच गळून पडते. पण अगदीच गळत नाही. प्रत्येक टोकन दोन गोष्टी पदरी बांधून पुढे जातं: मी ओळीच्या सुरुवातीला होतो का, आणि मी फायलीत नेमका कुठे होतो. दुसरी गोष्ट 32 बिटांच्या एका आकड्यात मावते. त्या आकड्यावरून ओळ आणि रकाना कधीही काढता येतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मग पार्सर. क्लँगचा पार्सर हाताने लिहिलेला आहे. व्याकरण एखाद्या साधनात टाकून त्यातून तक्ते काढलेले नाहीत. त्यात ‘एक विधान वाच’ असं एक फंक्शन आहे. ते पुढचं टोकन बघतं. उघडता महिरपी कंस दिसला तर गटविधान सुरू करतं आणि मिटता कंस येईपर्यंत स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतं. ‘गोटू’ दिसलं तर लेबलचं नाव आणि सेमिकोलन गिळून एक पान परत करतं. ‘इफ’ दिसलं तर गोल कंस, अट, गोल कंस, आणि त्यानंतर ‘एक विधान वाच’ हे फंक्शन एकदा. फक्त एकदा. त्यापुढे ‘एल्स’ असेल तर आणखी एकदा. नसेल तर काम संपलं: अट आणि विधान ही दोन मुलं घेऊन ‘इफ’चा नोड तयार होतो आणि वर पाठवला जातो.

आता आपला तुकडा यातून जाऊ द्या. फंक्शनचं शरीर महिरपी कंसात आहे, म्हणून सगळ्यात वर गटविधानाचा नोड. त्याने ‘एक विधान वाच’ म्हटलं, समोर ‘इफ’. अट वाचून झाली, मग एक विधान: पहिलं ‘गोटू फेल’. ते ‘इफ’चं मूल झालं. पुढचं टोकन ‘एल्स’ आहे का? नाही, ‘गोटू’ आहे. मग ‘इफ’ पूर्ण. नियंत्रण परत गटविधानाकडे. त्याला मिटता कंस दिसत नाही, तेव्हा पुन्हा ‘एक विधान वाच’. दुसरं ‘गोटू फेल’ आलं. ते ‘इफ’चं मूल नाही, ‘इफ’चं भावंड आहे, थेट गटविधानाच्या मांडीवर बसलेलं. त्याच्यावर कुठलीही अट नाही. त्याच्यानंतरची भावंडं, त्यात सही तपासणारी ओळही आली, झाडात आहेत पण तिथे कधीच कुणी पोचणार नाही.

घरच्या भाषेत सांगायचं तर: ‘पाऊस आला तर कपडे आत घे, गॅस बंद कर.’ आईने फोनवर असं म्हटलं तर ऊन असलं तरी तुम्ही गॅस बंद करता, कारण तुम्हाला गॅस म्हणजे काय हे माहीत आहे. तुम्ही वाक्याबाहेरचं ज्ञान वापरून झाड बांधता. कंपायलरकडे असलं ज्ञान नसतं. त्याच्याकडे नियम असतो: ‘तर’च्या पुढचं एकच विधान अटीखाली, त्यापुढची सगळी बिनशर्त. तो नियम त्याने इथे अचूक पाळला. गंमत म्हणजे कोड वाचणारा माणूसही नियमच पाळत होता, फक्त वेगळा. जे एका समासात लिहिलंय ते एकत्र, हा त्याचा नियम. त्या नियमाने दुसरी ओळ निरुपद्रवी आहे. फार तर फालतू.

(समास आणि मोकळी जागा बघून अर्थ लावणं ही शिकलेली सवय आहे, हेही जाता जाता. मोडीत शब्दांच्या मधे जागा सोडायची पद्धत नव्हती. वाचणारा अर्थावरून शब्द तोडायचा.)

एकाच मजकुराची दोन झाडं. एक कंपायलरचं, एक माणसाचं. भाषेच्या मानकाने कंपायलरच्या झाडाला अधिकृत ठरवलंय, इथपर्यंत वाद नाही. वाद पुढे आहे: ही दोन झाडं वेगळी पडली आहेत हे ज्याला दिसू शकतं, त्याने ते सांगायचं की नाही?

आणि क्लँगला दिसू शकत होतं. क्लँगची ख्यातीच मुळी अशी, की त्याचं झाड विसरत नाही. 2007 मध्ये तो खुला झाला तेव्हा समोर जीसीसी होता. जीसीसीच्या झाडात एखादं चल जितक्या ठिकाणी वापरलंय तितक्या ठिकाणी त्याच्या घोषणेचा एकच नोड लटकायचा. नोड एकच, तेव्हा ‘इथे वापरलंय’ ही नोंद ठेवायची कुठे? त्यामुळे चूक दाखवताना बोट चुकीच्या जागी पडायचं. क्लँगमध्ये प्रत्येक वापराला स्वतःचा नोड आणि स्वतःचा पत्ता. तुम्ही नुसतेच घातलेले गोल कंसही झाडात नोड म्हणून राहतात, जरी गणिताला त्यांचा उपयोग नसला. तुम्ही न लिहिलेली पण भाषेने मागच्या दाराने केलेली प्रकार-बदली सुद्धा नोड म्हणून दिसते. कोड आपोआप बदलणारी, नावं बदलणारी, तुमच्या एडिटरमध्ये चुकीच्या ओळीखाली लाल नागमोडी रेघ ओढणारी कितीतरी साधनं या झाडावर जगतात. एक खोड तेवढी आहे: क्लँगमध्ये एक्स्प्रेशन हा विधानाचाच पोटप्रकार मानलाय, त्यामुळे ‘2 + 3’ मधला 2 सुद्धा कागदोपत्री एक ‘विधान’ ठरतो. नवख्याला हे विचित्र वाटतं. सवय होते.

तर असं हे स्मरणशक्तीसाठी नावाजलेलं झाड. क्लँगला ते छापायला सांगितलं तर तो पायरी-पायरीने आत सरकवून छापतो, म्हणजे रचना दाखवायला समासच वापरतो! त्या छापील झाडात दुसरं ‘गोटू’ ‘इफ’च्या बरोबरीच्या पायरीवर येतं आणि घोटाळा एका नजरेत कळतो. पण तुमच्या फायलीतल्या समासाचा रकाना आणि झाडातली पायरी यांचा मेळ बसतो का, हे 2014 मध्ये क्लँग विचारत नव्हता. गुगलचे ॲडम लँगली यांनी तेव्हाच तपासून पाहिलं होतं. ‘सगळ्या वॉर्निंग दे’ असं नाव असलेला ‘डब्ल्यू-ऑल’ पर्याय लावूनही जीसीसी 4.8.2 आणि क्लँग 3.3 दोघंही चिडीचूप. (नाव ‘ऑल’, पण त्यात सगळ्या कधीच नव्हत्या. नाव ठेवणाऱ्याला माझा दंडवत.) पोचताच न येणाऱ्या कोडबद्दल ओरडणारी वॉर्निंग क्लँगकडे होती, पण ती वेगळी मागावी लागायची. जीसीसीने तर त्याच नावाचा पर्याय नाव ठेवून आतून रिकामा केला होता: दिला तर चालतो, करत काही नाही.

इथे नेहमीचा बचाव येतो. सीमध्ये रिकाम्या जागेला अर्थ नाही. कंपायलरचं काम भाषेचा अर्थ लावणं, तुमचा समास तपासणं नव्हे. ऐकायला तत्त्वाला धरून वाटतं. पण क्लँग स्वतःच हे तत्त्व पाळत नव्हता, आणि माझ्या टीकेचं टोक इथे आहे. ‘इफ (अट);’ असं चुकून सेमिकोलन पडलं तर झाडात रिकामं विधान ‘इफ’चं मूल होतं, आणि खालचा खरा मजकूर भावंड होऊन बिनशर्त चालतो. म्हणजे आपल्या ‘गोटू’चाच जुळा भाऊ. यावर क्लँग 2014 च्या आधीपासून वॉर्निंग देत होता. कशी? अट ज्या ओळीवर संपली आणि सेमिकोलन ज्या ओळीवर आहे, त्या ओळी एकच आहेत का हे बघून. मुद्दाम रिकामं ठेवायचं असेल तर सेमिकोलन पुढच्या ओळीवर टाका म्हणजे मी गप्प बसेन, असंही तो वर सांगायचा. नवी ओळ म्हणजे रिकामी जागाच की! माणसाचा हेतू ओळखायला मांडणीचा आधार घ्यायचा, हे त्याने एका ठिकाणी मान्य केलं होतं. मग दुसऱ्या ठिकाणी ‘अर्थ नाही’ म्हणून हात झटकणं हे तत्त्व राहत नाही, ते राहून गेलेलं काम ठरतं.

ते काम जीसीसीने आधी केलं. 2016 मध्ये आलेल्या जीसीसी 6 मध्ये फसव्या इंडेंटेशनची वॉर्निंग आली आणि ती ‘डब्ल्यू-ऑल’मध्येच बसवली. हे मला फार आवडतं, कारण आठवण ठेवण्यात मागे म्हणून ज्याची चेष्टा व्हायची त्याने आधी तोंड उघडलं. क्लँगमध्ये तीच गोष्ट 2020 च्या क्लँग 10 मध्ये आली. भोक उघडकीला आल्यावर सहा वर्षांनी, तेही ज्याच्या झाडाची घडण त्या भोकात आली होती त्याच घरात.

आणि काम केवढं होतं? तपासणी बसवली आहे ती पार्सरमध्ये, ‘इफ’ वाचणाऱ्या फंक्शनजवळ. ‘इफ’चा रकाना टिपून ठेवा. कंस नसलेलं एकटं विधान आलं तर त्याचाही टिपा. विधान संपल्यावर पुढच्या टोकनाकडे बघा. मूल ‘इफ’पेक्षा आत सरकलेलं असेल आणि पुढचं टोकन बरोबर त्या मुलाच्याच रकान्यात असेल, तर बोला. टॅब आणि स्पेसची सरमिसळ सांभाळायला थोडा कोड जास्त. बस्स. झाड बांधून झाल्यावर हे करणं अशक्य नाही, पण बांधताना करणं सोपं, कारण त्या क्षणी पार्सर नेमका त्या फांदीवर उभा असतो आणि पुढचं टोकन त्याच्या हातात असतं.

याच कारणाने मला आपल्या अभ्यासक्रमांवर एक शिंतोडा उडवायचाय. तुम्ही पुण्यात शिकलात किंवा मँचेस्टरला, कंपायलरचा पेपर साधारण सारखाच: ड्रॅगन बुक, फर्स्ट आणि फॉलोचे संच, एलआर तक्ते, आणि लोंबतं ‘एल्स’. लोंबत्या ‘एल्स’चा प्रश्न आपल्या ‘गोटू’चा सख्खा चुलतभाऊ आहे. दोन ‘इफ’ एकात एक, ‘एल्स’ एकच, तर ते कुणाचं? उत्तर: जवळच्याचं. वर्गात हा प्रश्न ‘व्याकरण संदिग्ध आहे, तक्त्यात टक्कर होते, ती अशी सोडवा’ इथे संपतो. यंत्राची संदिग्धता मिटली की गुण मिळतात. वाचणाऱ्याची संदिग्धता तशीच उरते, आणि तिच्याबद्दल परीक्षेत कुणी विचारत नाही. शिवाय तक्ते रंगवण्यात जे महिने जातात, त्या तक्त्यांना खऱ्या मोठ्या कंपायलरांनी कधीच रामराम केलाय. जीसीसीने सी++ साठी 2004 मध्ये आणि सी साठी 2006 मध्ये तक्ते बनवणारं बायसन काढून हाताने लिहिलेले पार्सर घेतले. गोच्या कंपायलरनेही 2016 मध्ये तेच केलं. तक्त्यांचं गणित सुंदर आहे, ते शिकवू नका असं मी म्हणत नाही. पण पार्सर हाताने का लिहितात याचं एक मोठं उत्तर ‘चूक नीट सांगता यावी म्हणून’ असं आहे, आणि ते उत्तर मला वर्गात कुणी दिलं नाही.

आपल्याकडे कंपायलरवरचं काम कमी झालेलं नाही. आयआयटी मुंबईतले धनंजय ढमढेरे हे नाव अनेकांना पाठ्यपुस्तकावरून माहीत असेल. तिथेच उदय खेडकर यांच्या गटाने जीसीसी आतून कसा चालतो यावर कार्यशाळा घेतल्या. पण त्या परंपरेचा जीव मधल्या टप्प्यात आहे: झाड हातात आल्यावर त्याचं विश्लेषण कसं करायचं, कोड वेगवान कसा करायचा. संशोधनाच्या दृष्टीने तिथेच खरे प्रश्न आहेत, मान्य. फ्रंट एंड हा ‘सुटलेला प्रश्न’ समजला जातो. पार्सिंग सुटलंय. पार्सरने माणसाशी काय बोलावं, हे सुटलेलं नाही.

काही भाषांनी हा प्रश्न मुळातच उद्भवू दिला नाही. पायथनचा लेक्सर समासाचे रकाने एका चळतीवर ठेवतो आणि समास वाढला किंवा घटला की चक्क त्याची टोकनं बनवतो. तिथे माणसाचं झाड आणि यंत्राचं झाड एकाच खुणेवरून बांधलं जातं, तेव्हा दोनदा पडलेली ओळ ‘इफ’च्या आतच राहिली असती. गो आणि रस्ट यांनी महिरपी कंस सक्तीचे केले. 2014 च्याच जूनमध्ये ॲपलने जाहीर केलेल्या स्विफ्टमध्येही ते सक्तीचे आहेत. (फेब्रुवारी आणि जून जोडून गोष्ट रचायचा मोह होतो. भाषा चार महिन्यांत होत नाही, त्यामुळे मोह आवरा.) पण सीमधला प्रचंड कोड कुठेही जाणार नाही. तुमच्या फोनमध्ये, गाडीत, दवाखान्यातल्या यंत्रात तो असणारच. तिथे भाषा बदलता येत नाही. वॉर्निंग बदलता येते.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. खोट्या वॉर्निंग. दहा वेळा उगीच ओरडणाऱ्याकडे अकराव्यांदा कुणी लक्ष देत नाही, आणि जुन्या कोडात टॅब-स्पेसचा इतका गोंधळ असतो की रकान्यांवर विश्वास ठेवणं धोक्याचं. म्हणूनच आजची तपासणी भित्री आहे. पुढचं टोकन मॅक्रोतून आलेलं असेल तर ती बोलत नाही. तंतोतंत तोच रकाना नसेल तरी सहसा बोलत नाही. मला हा भित्रेपणा योग्य वाटतो, पण त्याची किंमत माहीत असू द्या.

हवं तर करून बघा. वरचा तुकडा एका छोट्या फंक्शनमध्ये टाका आणि ‘डब्ल्यू-ऑल’ लावून आजच्या क्लँगला द्या. दुसऱ्या ‘गोटू’वर वॉर्निंग येईल. आता त्या ओळीच्या आधीच्या चार जागा पुसून ती ‘इफ’च्या खाली सरळ रेषेत आणा आणि पुन्हा चालवा. ती वॉर्निंग गेली. झाड छापून बघा: नोड तेच, क्रम तोच, फक्त एका नोडचा रकाना बदललेला, आणि सही अजूनही तपासली जात नाही. न पोचणाऱ्या कोडची वॉर्निंग दोन्ही वेळा बोलते. ती आजही ‘ऑल’मध्ये नाही, वेगळी मागावी लागते.